वेगाचा हव्यास आणि कण्याचा घसारा

वर्तकनगरसारख्या मध्यमवर्गीय वसाहतीत क्रिकेट शिकणाऱ्या मुलाच्या तोंडी पूर्वी धावांचे आकडे असत; आता तेरा-चौदा वर्षांचा गोलंदाज आपला चेंडू ताशी किती किलोमीटर गेला, हे विचारू लागला आहे. वेग वाढवून देण्याचे आश्वासन देणारे शिकवणीवर्ग निघाले आहेत आणि त्यांचे शुल्क शिक्षक वा कारकून पालकांच्या पगारातून जाते. मुलाने वेगवान गोलंदाज व्हावे, ही इच्छा गैर नाही. प्रश्न आहे तो वेग मिळविण्याच्या मार्गाचा व त्यासाठी मोजाव्या लागणाऱ्या किमतीचा.

या आकांक्षेला जवळचाच आधार आहे. कल्याणचा तुषार देशपांडे शिवाजी पार्कवर निवडचाचणीस गेला, तेव्हा फलंदाजांची रांग लांबलचक होती म्हणून तो गोलंदाजांच्या रांगेत उभा राहिला. पुढे २०१६ मध्ये तो मुंबईकडून रणजी सामना खेळला आणि जुलै २०२४ मध्ये भारताच्या संघात आला. या दोन घटनांमध्येच आठ वर्षे गेली, ही गोष्ट मात्र त्याचे उदाहरण देणारे क्वचितच सांगतात.

वेग हा केवळ दंडाच्या बळाचा प्रश्न नव्हे. धावत येण्याची गती, पुढचा पाय टेकताना ताठ राहणारा गुडघा, कमरेपासून पुढे झेपावणारे धड आणि सर्वांत शेवटी फिरणारा हात, अशी ही साखळी असते. पुढचा पाय जमिनीवर आदळतो त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्यावर येतो व तो गुडघ्यातून कमरेत आणि कण्यात शिरतो. कण्याच्या खालच्या मणक्यांची हाडे तर विशीच्या आसपास कुठे पक्की होतात. म्हणजे ज्या वयात वेगाची घाई सर्वाधिक, त्याच वयात तो पेलणारे हाड सर्वांत कोवळे असते.

याचे पुरावे नवे नाहीत. ऑस्ट्रेलियात ८२ तरुण जलदगती गोलंदाजांवर एक हंगामभर लक्ष ठेवून केलेला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ३८ टक्के मुलांना गोलंदाजीमुळे पाठीची दुखापत झाली आणि ११ टक्के मुलांच्या मणक्याला ताणामुळे तडा गेला. आपल्याकडे २०२४ च्या आयपीएलमध्ये एकवीस वर्षांच्या मयंक यादवने ताशी १५६.७ किलोमीटर वेगाचा चेंडू टाकला, तेव्हा देशभर कौतुक झाले. चार सामन्यांनंतर तो दुखापतीने मैदानाबाहेर गेला.

अमेरिकेतील बेसबॉलने हा धडा आपल्या आधी गिरविला आहे. तेथील पिचरच्या कोपराचा तुटलेला बंध नव्याने बसविण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या खेळाडूवर प्रथम केली. आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १३ ते १८ वर्षांच्या मुलांच्या एका गटाकडून सहा आठवडे कमीअधिक वजनाच्या चेंडूंनी सराव करवून घेण्यात आला. वेग सरासरी ३.३ टक्क्यांनी वाढला; पण त्या गटातील २४ टक्के मुलांच्या कोपराला इजा झाली. नेहमीचा सराव करणाऱ्या दुसऱ्या गटात अशी इजा एकालाही झाली नाही. शंभरामागे तीन मिळविण्यासाठी शंभरांतील चोवीस मुले धोक्यात घालणारा हा व्यवहार कोणता शहाणा गृहस्थ पत्करील?

म्हणूनच तेथे आता चेंडू मोजले जातात. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलाने दिवसाला ९५ हून अधिक चेंडू फेकू नयेत आणि वर्षातील किमान चार महिने फेकीपासून विश्रांती घ्यावी, असे मार्गदर्शन आहे. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानेही किशोर गोलंदाजांच्या षटकांवर वयोगटानुसार मर्यादा घातल्या आहेत.

आपल्याकडे अडचण आहे ती हिशेब ठेवण्याची. मुलगा सकाळी शाळेच्या संघासाठी, सायंकाळी शिकवणीवर्गात आणि रविवारी वसाहतीच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धेत गोलंदाजी करतो. शाळेला ढाल हवी असते, वर्गाला निवड झालेल्या मुलाचे छायाचित्र हवे असते, वसाहतीला चषक हवा असतो. लाभ तिघांचा, तोटा मात्र एकट्या मुलाचा! कारखान्यातील यंत्राचा घसारा हिशेबनीस वहीत मांडतो. मुलाच्या कण्याचा घसारा कोणाच्याच वहीत चढत नाही.

उपाय खर्चिक नाही. प्रत्येक किशोर गोलंदाजाची एक वही असावी. शाळा, वर्ग व वसाहत या तिन्ही ठिकाणी टाकलेले चेंडू तीत रोज लिहावेत आणि ती पाहिल्याशिवाय कोणत्याही मार्गदर्शकाने मुलाच्या हाती चेंडू देऊ नये. व्यायामशिक्षकांनी पाय, कंबर व पोट यांची ताकद वाढविणाऱ्या व्यायामाला आणि निर्दोष शैलीला वेगाच्या आधीचे स्थान द्यावे. पाठ दुखते म्हणणाऱ्या मुलाला भित्रा न ठरविता डॉक्टरांकडे न्यावे.

वेग हे भांडवल नव्हे, भांडवलावरचे व्याज आहे. भांडवल म्हणजे वाढते शरीर. चौदाव्या वर्षी मुद्दलच खर्ची पडले, तर विसाव्या वर्षी व्याज कशावर मिळणार?