राज्य कुणावर?

खो-खोचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधून दिले. नियम कागदावर आले, मैदानाची मापं ठरली, पंच आले, स्पर्धा आल्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत या खेळाचा पहिला विश्वचषकही झाला आणि पुरुष व महिला अशा दोन्ही गटांत आपण जिंकलो. झालं ते चांगलंच झालं. डबा ऐसपैसच्या नशिबात असलं काही नव्हतं. त्याचा ना संघ, ना महासंघ. दहा वर्षांच्या पोराने सात वर्षांच्याला शिकवायचं आणि त्याने दोन-तीन वर्षांनी पुढच्याला, एवढीच त्याची व्यवस्था. ही साखळी माझ्या डोळ्यांदेखत तुटली. मोबाइलने तोडली, असं म्हणून हात झटकणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

मी काळाचौकीच्या चाळीत वाढलो. वडील गिरणीत, त्रासन खात्यात. चाळीला तीन माळे, मधे चौक, प्रत्येक माळ्यावर लांबलचक कठडा आणि टोकाला संडास. खोलीत माणसांनाच जागा नव्हती, तिथे खेळणी कुठे ठेवणार? त्यामुळे आमची मालमत्ता खिशात मावणारी: गोट्या, भोवरा आणि त्याची जाळी, चिंचोके, सोड्याच्या बाटल्यांचे बिल्ले, काड्यापेट्यांचे छाप. बाकी सगळा कारभार चौकात.

डबा म्हणजे डालड्याचा पिवळा डबा, तोही पहिल्याच आठवड्यात चेपलेला. आधी चकायचं. तिघांनी हात झुलवून तळवे पालथे-उताणे टाकायचे, ज्याचा वेगळा पडला तो सुटला. शेवटी दोघंच उरले की सुटलेल्यांपैकी एकजण आपला हात उसना द्यायचा. राज्य ठरलं की कुणीतरी डबा लांब भिरकावणार आणि राज्य असलेला तो परत आणून ठेवेपर्यंत बाकीचे जिन्याखाली, पाण्याच्या पिंपांमागे, मिळेल त्या आडोशाला गडप होणार. कुणी दिसला की डबा आपटून नाव घ्यायचं, ‘बाळ्या ऐसपैस!’ सगळे सापडायच्या आत एखाद्याने धावत येऊन डबा उडवला, तर सापडलेले सगळे सुटले आणि राज्य पुन्हा त्याच बिचाऱ्याच्या डोक्यावर. काही जण असे संध्याकाळभर राज्य घेत फिरत.

खरी गंमत शर्टांची. बाळ्या आणि विलास जिन्याखाली शर्ट बदलायचे आणि भिंतीआडून नुसता खांदा बाहेर काढायचे. राज्य असलेला ‘विलास ऐसपैस’ म्हणाला की आतून बाळ्या निघायचा आणि ‘अंडं फुटलं!’ म्हणून चौकभर गिल्ला व्हायचा. रात्री पोरं एकमेकांचे शर्ट घालून घरी जायची आणि मग दोन आयांचं जुंपायचं.

हे नियम थोड्याफार फरकाने सगळीकडे होते. पोटनियम मात्र आमच्या चाळीचे. रातपाळी करून आलेली माणसं दुपारपर्यंत झोपायची, म्हणून सुट्टीच्या दिवसांत ती उठेपर्यंत ‘ऐसपैस’ असं ओरडायचं नाही, नुसती टाळी वाजवायची. उन्हाळ्यात चौकात खाटांवर पापड-कुरडया वाळत असल्या तर लगोरीत चेंडू सरपटीच मारायचा. तळमजल्यावर एक आजारी आजोबा होते. त्यांच्या दाराला चेंडू लागला की मारणारा बाद, मग लगोरी लागलेली का असेना. यातला एकही नियम मोठ्या माणसांनी घातलेला नव्हता. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांनी भांडून, एकमेकांची गचांडी धरून, मधेच ‘टॅम्प्लीज’ घेऊन ते ठरवले होते. (इंग्रजीचा गंध नसलेल्या चाळीत एवढा एक शब्द मात्र कुणी मोडत नसे.)

आणि या सगळ्यांत शहाणा पोटनियम म्हणजे कच्चा लिंबू. चार-पाच वर्षांच्या पोराला खेळात घ्यायचं. ते पळणार, लपणार, ओरडणार. पण त्याच्यावर राज्य येणार नाही. ते सापडलं तरी सापडलं नाही असं धरायचं. ऐकायला हे फार प्रेमळ वाटतं. त्यामागे प्रेम थोडं आणि अडचण जास्त होती. धाकट्यांना सांभाळायचं काम थोरल्या बहिणींच्या गळ्यात असे. माझी ताई धाकट्याला कडेवर घेऊनच चौकात उतरायची. तो खेळात नसेल तर तीही नाही, आणि ती नसेल तर आमच्या बाजूला पहिल्या फटक्यात लगोरी फोडणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून लिंबू आत आला. दोनेक वर्षं तो नुसता मागे मागे पळायचा. मग एके दिवशी कुणीतरी म्हणायचं, ‘बस झालं, आता ह्याच्यावर राज्य.’ पोर त्या दिवशी रडायचं, आणि घरी जाऊन तेच छाती फुगवून सांगायचं. तोवर सगळे नियम त्याला पाठ झालेले असत. कुणी मुद्दाम एक अक्षर शिकवलेलं नसे.

मुलींना दिवेलागणीचा कायदा वेगळा होता, हेही सांगितलं पाहिजे. आम्ही अंधार पडला तरी चौकात, आणि ताईला मात्र वरून हाक यायची. तिचं राज्य दुपारचं, कठड्याशी बसून सागरगोट्यांचं. एक उंच उडवून खालचे सगळे एका झपाट्यात गोळा करताना तिचा हात दिसायचा नाही. आम्ही चिडवलं की तोच सागरगोटा फरशीवर घासून तापवायची आणि दंडाला असा चटका द्यायची की ओरडायचीही सोय नसे, कारण आत वडील झोपलेले.

विकतचं खेळणं घरात एकच, तेही तिचं. गावाहून येताना आजोबांनी सावंतवाडीच्या चितार आळीतून लाकडी भातुकली आणली होती. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, त्यावर लाल, पिवळा, हिरवा रंग. चूल, पाटा-वरवंटा, पोळपाट-लाटणं आणि खुंट्याने खरोखर फिरणारं जातं. एस.टी.त रात्रभर आजोबांच्या मांडीवर बसून आलेली ती पेटी अजून ताईकडे आहे. लाटणं तेवढं हरवलंय.

बाकी सगळं घरी केलेलं. त्यातला राजा म्हणजे रिळाचा रणगाडा. शिंप्याकडून दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ मागून आणायचं. त्याच्या दोन्ही कडांना ब्लेडने खाचा पाडायच्या, म्हणजे जमिनीवर पकड येते. मधल्या भोकातून रबरबँड ओवायचं. एका बाजूला त्यात काडीचा छोटा तुकडा अडकवून तो रिळाला घट्ट बसवायचा. दुसऱ्या बाजूला मेणबत्तीची भोक पाडलेली चकती आणि तिच्यावर कडेच्या बाहेर येईल अशी लांब काडी. लांब काडी फिरवून पीळ भरायचा आणि रीळ जमिनीवर ठेवायचं. रणगाडा हळूहळू सरकू लागतो, वाटेत चप्पल आली तर तिच्यावरही चढतो. मेण विसरलात तर काडी कडेला अडकून बसते आणि मग एकदम झटका देऊन सगळं उलटं पडतं. १९७१ च्या डिसेंबरात मुंबईत ब्लॅकआउट होता, खिडक्यांना कागद चिकटवलेले होते आणि घरोघरी मेणबत्त्या आणून ठेवलेल्या होत्या. मेणाचा असा सुकाळ झाल्यावर आमच्या माळ्यावर रणगाड्यांची फौज उभी राहायला कितीसा वेळ लागणार?

मला तो विलासने शिकवला, विलासला त्याच्या मामेभावाने. अरविंद गुप्तांनी पुढे काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या असल्या टाकाऊ वस्तूंची खेळणी करून विज्ञान गावोगावच्या शाळांत नेलं आणि पुण्याच्या आयुकात मुलांच्या केंद्रात अनेक वर्षं काम केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती मिळायलाच हवी होती. पण त्या विद्येतला थोडासा भाग एके काळी चाळीच्या जिन्यावर फुकट मिळत होता, आणि शिकवणारा बारा वर्षांचा असायचा.

आता चाळीच्या जागी टॉवर आहे. मला त्याचं दुःख नाही. सकाळी टमरेल घेऊन रांगेत उभं राहिलेला माणूस चाळीचे गोडवे बेताने गातो. घरात संडास आला, नळाला पाणी आलं, आईचे शेवटचे दिवस सुखात गेले. तक्रार आहे ती पाट्यांबद्दल. आमच्या पोडियमवर घसरगुंडी आहे, खाली रबराची मऊ जमीन आहे आणि शेजारी पाटी आहे: ‘वय ३ ते ८ वर्षे’. दहा पावलांवर दुसरी पाटी: ‘आवारात चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे’. मग नवव्या वर्षी पोराने करायचं काय? क्लासला जायचं. माझा नातू फुटबॉलच्या क्लासला जातो. दहा वर्षांखालचे एकीकडे, बारा वर्षांखालचे दुसरीकडे. शिट्टी सरांची, नियम सरांचे, पाणी कधी प्यायचं तेही सर सांगणार, भांडण झालं तर सोडवणारही तेच. शिकवतात उत्तम. पण तिथे राज्य कायम सरांचं. सात वर्षांचं पोर दहा वर्षांच्याला भेटतच नाही, तर त्याच्याकडून शिकणार कधी आणि कच्चा लिंबू होणार कुणाचा?

आजी-आजोबांनी शिकवावं, असं हल्ली पुष्कळ जण सुचवतात. मी ते करून पाहिलं. मे महिन्यात नातू आणि त्याचे मित्र गोळा करून त्यांना डबा ऐसपैस खेळायला लावलं. पोरं गुणी, मन लावून खेळली. पण दर दोन मिनिटांनी कुणीतरी थांबायचं आणि मला विचारायचं, ‘आजोबा, हे अलाउड आहे का?’ शर्ट बदलायची युक्ती सांगितली तर एकाने विचारलं, ‘पण ते चीटिंग ना?’ आजोबा मधे बसले की आजोबांचे सर होतात. हा खेळ थोड्याशा थोरल्या पोराकडूनच येतो, आणि तोही मोठी माणसं बघत नसताना. मोबाइल आला तेव्हा ती जागा आम्ही मोठ्यांनी आधीच रिकामी करून ठेवलेली होती. तो फक्त येऊन बसला.

जागेचं म्हणाल तर कागदावर आपण दरिद्री नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं ३१ वं कलम मुलांना खेळण्याचा हक्क देतं, आणि ती संहिता भारताने १९९२ सालीच स्वीकारली. गिरणगावचा हिशेब तर आणखी जवळचा आहे. १९९१ च्या विकास नियमांप्रमाणे गिरण्यांच्या जमिनींचा साधारण एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी महापालिकेकडे यायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती केली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. आमच्या पोरांची मैदानं गेली ती तिथे. त्यानंतर दादरच्या कोहिनूर मिलच्या जागेवरील बांधकामाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये सांगितलं की, तेव्हाच्या नियमांप्रमाणे सोडायची किमान मोकळी जागा जमिनीवरच सोडा, पोडियमवर दाखवू नका. म्हणजे पोरांच्या पायाखाली माती असावी, हे न्यायाधीशांनाही पटलं होतं.

पण गेलेली जमीन तुमच्या-माझ्या हातून परत यायची नाही. पाटी तेवढी आपल्या हातात आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांना ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. आमच्या सभेसाठी मी ठराव दिला आहे. रोज संध्याकाळी पाच ते सात मागच्या बाजूच्या पार्किंगची एक रांग मोकळी ठेवावी. चेंडूची पाटी त्या दोन तासांना लागू नसावी. वयाची अट नको, सर नकोत, शिट्टी नको. मोठ्यांनी हवं तर बाकावर बसावं, पण ‘हा आउट ना?’ असं कुणी विचारलं तर उत्तर देऊ नये. काच फुटली तर भरपाई संस्थेच्या निधीतून व्हावी. या शेवटच्या कलमावर आमचे सचिव नाराज आहेत.

तुम्हीही आपापल्या सोसायटीत असा ठराव द्या. मात्र विषयपत्रिका निघायच्या आधी लेखी द्या. नाहीतर तो ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये जातो, आणि तिथवर सभा पोचते तेव्हा चहा-समोसे आलेले असतात.