रोज नव्याने सेटिंग का करायचं?

दुपारची प्रॅक्टिकलची बॅच. लॅबमध्ये शिरायचं, पीसी ऑन करायचा आणि समोर काय, तर मुंगीएवढी अक्षरं! कालच तर मोठी केली होती. ‘कीप चेंजेस’सुद्धा दाबलं होतं. आज परत जैसे थे. तुमच्याही लॅबमध्ये असं होतं ना? मग आपण ‘पीसी गंडलाय’ म्हणतो आणि कामाला लागतो.

पण बहुतेक वेळा पीसी गंडलेला नसतोच. अनेक लॅबमध्ये ‘डीप फ्रीझ’सारखं सॉफ्टवेअर टाकलेलं असतं. अ‍ॅडमिनने एकदा लावून दिलेली स्थिती ते गोठवून ठेवतं. त्यानंतर तुम्ही काहीही बदला, रीस्टार्ट झालं की सगळं पुसलं जातं. वॉलपेपर, डेस्कटॉपवरची फाइल, रिझोल्युशन, अक्षरांचा आकार, सगळं. काही ठिकाणी तर अकाउंटच असं असतं की लॉग आउट केलं की बदल गेले.

‘मदरबोर्डचा सेल गेला असेल’ असं सांगणारा एक जण प्रत्येक वर्गात असतो. त्याचं ऐकू नका. तो नाण्यासारखा सेल घड्याळ आणि बायोसची सेटिंग्ज सांभाळतो. विंडोजमधल्या अक्षरांचा आकार डिस्कवर सेव्ह होतो. सेल गेला तर तारीख-वेळ चुकेल, अक्षरं बारीक होणार नाहीत.

खरं कारण शोधायचं असेल तर आकार बदला आणि फक्त लॉग आउट करून परत आत या. बदल गेला, तर बहुधा अकाउंटची भानगड. तेव्हा टिकला पण रीस्टार्टनंतर गेला, तर बहुधा फ्रीझ. घरच्या पीसीवर रिझोल्युशन असंच बिघडत असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. डिस्प्ले अ‍ॅडॅप्टरखाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ दिसलं, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर नीट बसलेला नाही.

आता लॅबची बाजूही ऐकू या. एकाच मशिनवर दिवसभरात कितीतरी जण बसतात. पेन ड्राइव्हमधून व्हायरस येतात, कोणी भलतंच काहीतरी इन्स्टॉल करून ठेवतं. त्यामुळे फ्रीझ काढून टाका, असं माझं म्हणणं अजिबात नाही.

माझं म्हणणं माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीबद्दल आहे. चष्मा लावूनही तिला बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. स्केल १५० टक्के लागतं. आपल्यासाठी हा थोडासा वैताग, तिच्यासाठी प्रत्येक प्रॅक्टिकलची सुरुवातच मागून. एका परीक्षेत मध्येच लाइट गेली, पीसी रीस्टार्ट झाला. तिने परत सेटिंग केलं, तोवर वेळ गेला. तिचा शेवटचा प्रश्न राहिला. येत नव्हता म्हणून नाही! आणि मी शेजारीच बसले होते. ‘दरवेळी काय सांगायचं’ म्हणून ती गप्प बसायची. मीही कधी सरांना काही बोलले नव्हते, हे जास्त लागलं.

उपाय साधा आहे. अ‍ॅडमिनने एक मशिन तात्पुरतं अनफ्रीझ करायचं, १५० टक्के स्केल लावायचं, रीस्टार्ट करून टिकतंय का पाहायचं आणि परत फ्रीझ करायचं. नवीन खरेदी नाही, टेंडर नाही. शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणं ही मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांची जबाबदारी आहे. म्हणजे आपण मेहेरबानी मागत नाही.

तेव्हा एक करा. पुढच्या प्रॅक्टिकलला तुमच्या बॅचमध्ये स्क्रीनला नाक लावून कोण बसतंय ते बघा. त्याला किंवा तिला विचारा. चालणार असेल तर लॅबच्या सरांना चार ओळींचा अर्ज द्या, मशिन नंबर आणि हवं ते स्केल लिहून. तोंडी सांगू नका, ते रीस्टार्टनंतर विसरलं जातं. आणि हे परीक्षेच्या आदल्या दिवशी नको, टर्म सुरू होतानाच करा.

आम्ही आमचा अर्ज या आठवड्यात देतोय. तुमचा कधी?