शेतकऱ्याच्या अंगठ्यावर चाचण्या घेऊ नका

'सर्व्हर डाऊन हाये भाऊ, उद्या या.' अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीत हे वाक्य आता लहान पोरालाही पाठ आहे. पीकपाहणी असो, विमा असो की केवायसी. मुदत संपत आली की पोर्टल आडवे होते आणि पानमळ्यातली मजुरी बुडवून आलेला माणूस सेतू केंद्राच्या पायरीवर बसून राहतो. मी याच गावचा आहे आणि सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. म्हणून सांगतो, यातले बरेच हाल टाळता येतात. ते होतात, कारण न तपासलेले सॉफ्टवेअर लोकांच्या माथी मारले जाते आणि त्याबद्दल कोणाचे बिल अडत नाही.

2017ची कर्जमाफी आठवा. 34 हजार कोटींची घोषणा जूनमध्ये झाली. अर्ज ऑनलाइन, नवराबायको दोघांचेही अंगठे हवेत. निंदण-खुरपणाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेईना, तरी लोक रांगेत उभे राहिले. 18 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रे वाटली गेली. मग बँकांनी याद्या पाहिल्या, तर शेकडो शेतकऱ्यांच्या नावापुढे एकच आधार क्रमांक, एकच बचत खाते! संकेतस्थळावर चढवलेली यादी काढून घ्यावी लागली.

दोन माणसांचा आधार क्रमांक एक असूच शकत नाही. एवढी एक गोष्ट तपासणारी चाचणी लिहायला नवख्या प्रोग्रामरला अर्धा तास पुरतो. दोन खोटे शेतकरी घ्या, दोघांना एकच क्रमांक द्या आणि यादी तयार करायला सांगा. यादी अडली तर चाचणी पास, बाहेर पडली तर नापास. अशा शेकडो चाचण्या एकत्र बांधायच्या आणि कोणीही कोडमध्ये एक ओळ बदलली की त्या आपोआप चालवायच्या. एक जरी नापास झाली तरी तो बदल पुढे सरकत नाही, मग मंत्रालयातून फोन येवो की कंपनीच्या मालकाचा. सगळ्या पास झाल्या तर तेच तपासलेले सॉफ्टवेअर, माणसाचा हात न लागता, सर्व्हरवर जाते. याला कंटिन्युअस इंटिग्रेशन आणि डिप्लॉयमेंटची पाइपलाइन म्हणतात. यातल्या इंटिग्रेशनवर मार्टिन फाउलर या सॉफ्टवेअरतज्ज्ञाने 2000 साली सविस्तर लेख लिहिला. अशी पाइपलाइन चालवणारे जेनकिन्स हे साधन त्या नावाने 2011पासून फुकट मिळते. पैसा नव्हता, तंत्र नव्हते, ही सबब मला कोणी सांगू नये.

'चुकीची माहिती बँकांनीच दिली, सॉफ्टवेअर काय करणार?' असे तेव्हा म्हटले गेले असेल तर ते लंगडे उत्तर आहे. बाहेरून आलेली माहिती चुकीची असणार हे गृहीत धरूनच सॉफ्टवेअर लिहायचे असते. ती अडवणारी तपासणी कोडमध्ये आहे की घाईत कोणी काढून टाकली, याची रोज खात्री करणे हेच पाइपलाइनचे काम.

आणि शहाणपण या राज्यात येऊ शकते, हेही दिसले आहे. महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेची पहिली यादी 24 फेब्रुवारी 2020 रोजी निघाली ती फक्त 68 गावांची. थोड्या लोकांवर आधी पाहायचे, चूक सापडली तर तिथेच थांबायचे, मग पसरायचे. बदल लाइव्ह करण्याची हीच रीत जगभरातले जाणते प्रोग्रामर सांगतात. मग ती प्रत्येक पोर्टलच्या प्रत्येक बदलाला सक्तीची का नाही?

हाताने सॉफ्टवेअर चढवण्याची किंमत अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार कंपनीने मोजली. 2012मध्ये त्यांच्या माणसाने आठपैकी सात सर्व्हरवर नवे कोड टाकले, आठवा राहून गेला. त्याचे काम तपासायला दुसरा माणूस नेमलेला नव्हता. 1 ऑगस्टला बाजार उघडला आणि 45 मिनिटांत सुमारे 44 कोटी डॉलर गेले.

पुण्या-हिंजवडीतल्या माझ्या व्यवसायबंधूंनाही मी सोडणार नाही, त्यांत अमरावती-अकोल्याची पोरे पुष्कळ आहेत. पाइपलाइन आहे म्हणून मिरवता आणि डेडलाइन आली की चाचण्या वगळण्याचा आदेश टाकून हिरवा दिवा लावून घेता. ही फसवणूक आहे. आणि नुसती तपासणी असूनही भागत नाही. क्राउडस्ट्राइक या सायबर-सुरक्षा कंपनीकडे तर स्वयंचलित तपासणी होती. तपासणाराच प्रोग्राम सदोष निघाला आणि अपडेट टप्प्याटप्प्याने न देता एकदम सगळीकडे सोडले. 19 जुलै 2024 रोजी सुमारे 85 लाख संगणक बंद पडले, जगभर विमाने जमिनीवर राहिली. कंपनीचे नुकसान भरून निघते. बुडालेली पीकविम्याची मुदत कोण परत आणून देतो?

सरकारी टेंडरमध्ये तीन अटी घाला. चाचण्यांचे कोड सरकारच्या मालकीचे असेल. कोणताही बदल आधी दोन-चार गावांत आणि मगच राज्यात जाईल. चाचणी अहवालाशिवाय बिल निघणार नाही.

हे आपणहून होईल असे मला वाटत नाही. म्हणून ज्या पोर्टलवर तुमचे काम अडले, त्याच्या चाचणी अहवालाची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये लागतात.