सुरय्याचा शेजारी

सुरय्या नावाची एखादी मुलगी आपल्या नात्यागोत्यात असतेच. अरबीत सुरय्या म्हणजे कृत्तिकांचा पुंजका. हिवाळ्याच्या रात्री तो आकाशात उंचावर दिसतो. तिथून उत्तरेकडे शर्मिष्ठेच्या दिशेने नजर नेली की वाटेत ययाती हा तारकासमूह लागतो. त्यातल्या एका ताऱ्याला अरब खगोलज्ञ ‘रास अल-गूल’, म्हणजे राक्षसाचे डोके, म्हणत. इराणमधील अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी इ.स. 964 च्या सुमारास लिहिलेल्या ताऱ्यांच्या ग्रंथात तो आहे. युरोपात त्याच नावाचे ‘अल्गोल’ झाले.

हा तारा दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी मंदावतो. त्याचे तेज जवळपास एक तृतीयांशावर येते आणि साधारण दहा तासांत पूर्ववत होते. हा नेम शोधला जॉन गुडरिक या इंग्लंडमधील यॉर्क शहरातल्या मुलाने. लहानपणीच त्याची श्रवणशक्ती गेली होती. 1783 मध्ये, वयाच्या 18 व्या वर्षी, त्याने आपला शोध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. कारणांचे त्याने दोन अंदाज केले. एक, ताऱ्याभोवती फिरणारे काहीतरी त्याला झाकत असावे. दोन, ताऱ्यावर डाग असावेत आणि तो फिरताना ती बाजू आपल्याकडे येत असावी.

1889 मध्ये जर्मनीतील हर्मान फोगेल यांनी वर्णपट तपासून पहिला अंदाज खरा ठरवला. अल्गोल म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांची जोडी. त्यातल्या फुगलेल्या, मंद ताऱ्याचा वायू शेजाऱ्याकडे ओढला गेला आहे. आज हलका असलेला हा तारा एके काळी जोडीतला वजनदार होता.

मग डागांचा अंदाज वाया गेला का? अल्गोलच्या मंदावण्याचे कारण डाग नव्हते. पण ताऱ्यांवर मोठे डाग असतात हे खरे निघाले. साध्या दुर्बिणीतून तारा ठिपक्याएवढाच दिसतो, मग त्यावरचे डाग कसे ओळखायचे? रुग्णवाहिका जवळ येताना तिचा भोंगा चढा वाटतो आणि दूर जाताना उतरतो. प्रकाशाचेही तसेच असते. फिरणाऱ्या ताऱ्याची आपल्याकडे येणारी कड किंचित निळी होते, दूर जाणारी लालसर. त्यामुळे वर्णपटातली काळी रेघ रुंद होते. डाग असेल तिथे त्या रेघेत छोटा उंचवटा उमटतो आणि तारा फिरतो तसा एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकतो. ध्रुवाजवळचा डाग मात्र रेघेच्या मध्याजवळच घुटमळतो. अशा अनेक वर्णपटांवरून संगणक ताऱ्याचा नकाशा काढतो. 1983 मध्ये, गुडरिकच्या निबंधानंतर बरोबर 200 वर्षांनी, स्टीव्हन व्होग्ट आणि डोनाल्ड पेनरॉड यांनी वृषभ राशीतल्या एका जोडताऱ्याचा नकाशा याच रीतीने काढला.

पुढे हीच रीत अधिक अवघड जोड्यांना लावली गेली. कुंभ राशीतल्या एई अक्वेरी या जोडीत छोटा, अतिघन श्वेत बटू शेजाऱ्याचा वायू ओढतो. त्या ओढीने शेजारी गोल न राहता थेंबासारखा लांबट झाला आहे. त्याचा आकार हिशेबात धरून 2006 मध्ये नकाशा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या उत्तर गोलार्धाचा सुमारे 18 टक्के भाग डागांनी व्यापलेला आढळला. थेंबाच्या टोकातूनच वायू वाहतो. तिथे डाग आला तर हा ओघ मंदावू शकतो, असे काही शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे एका ताऱ्यावरच्या डागाचा परिणाम शेजाऱ्यालाही पोहोचतो.

गुडरिक 1786 मध्ये, 21 व्या वर्षी वारला. त्याचा शोध पाहायला आपल्याला दुर्बीणही लागत नाही. या हिवाळ्यात मुलांना घेऊन काही रात्री ठरावीक वेळी गच्चीवर जा. अल्गोल शेजारच्या ताऱ्यांपेक्षा तेजस्वी आहे की मंद, एवढेच वहीत लिहा. एखाद्या रात्री तो चटकन ओळखू आला नाही, तर तीच तारीख ठळक करून ठेवा.