एक डवरणी मनाचीही



बैठकीत आम्ही कापसाच्या भावाचा हिशेब मांडतो, कर्जाचा मांडतो. पण नेहमी पुढे बसणारा एखादा दोन-तीन बैठकांना दिसला नाही, तर आम्ही एवढेच विचारतो, "कापूस विकला का त्याने?" तो जेवतो का, झोपतो का, की दिवसभर बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, हे विचारत नाही. ही चूक आमची आहे आणि ती जिवावर बेतणारी आहे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास, कशात जीव लागत नाही, झोप-भूक गेलेली, हा आळस नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. हा नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर गोळ्या आहेत, समुपदेशन आहे आणि नियमित व्यायामही आहे.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. नैराश्याचे १५६ रुग्ण, सगळे पन्नाशीच्या घरातले व त्यापुढचे. काहींना गोळ्या दिल्या, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही. व्यायाम म्हणजे आठवड्यातून तीनदा अर्धा तास झपाझप चालणे किंवा हळू पळणे. गोळ्यांचा गुण सुरुवातीला लवकर दिसला. पण १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते.

कोणी म्हणेल, "दिवसभर डवरा धरणाऱ्याला व्यायाम काय शिकवता?" प्रश्न रास्त आहे. पण डोक्यात कर्जाचा घोर घेऊन पोटासाठी उपसलेले कष्ट वेगळे आणि स्वतःसाठी मोकळे चालणे वेगळे. शिवाय पराटी उपटली, ज्वारी निघाली की कोरडवाहूवाल्याचे हात रिकामे होतात. नेमके तेव्हाच वसुलीवाले दारात येतात आणि माणूस घरात कोंडून घेतो.

उद्या एखादा पुढारी म्हणेल, भाव कशाला मागता, व्यायाम करा! त्याला उत्तर आम्ही सभेत देऊच. चालण्याने कर्ज फिटत नाही. पण "एक कोळपणी, अर्धे पाणी" हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. डवरणीने पाऊस पडत नाही. भेगा बुजतात, असलेली ओल टिकते. चालण्याचे काम तेवढेच आहे आणि ते थोडे नाही. भावासाठी लढायला माणूस आधी जगला पाहिजे.

नुसते "ऊठ, फिर" म्हटल्याने असा माणूस उठत नाही. उठण्याची उमेदच आजाराने नेलेली असते. म्हणून गावातल्या दोघांनी पहाटे त्याच्या दारात जावे. पहिले काही दिवस धुऱ्याधुऱ्याने दहा मिनिटे, मग हळूहळू अर्धा तास. वाटेत कर्जाचा विषय काढू नये. बाईमाणूस आजारी असेल तर बायांनी सोबत जावे.

गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नयेत. मरणाची भाषा कानावर आली तर चालण्यावर भागवू नका. त्याला एकटे ठेवू नका, फवारणीचे औषध त्याच्या हाती लागणार नाही असे कुलपात ठेवा आणि जिल्हा रुग्णालय गाठा. टेली मानसचा १४४१६ हा फोन फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एवढे सांगावे, कोण आले नाही आणि त्याच्या दारात कोण गेले.