चांगली नोकरी सोडून पोलीस?

बोईसरकडे एखादा मुलगा एमआयडीसीतली चांगल्या पगाराची नोकरी सोडून पोलीस अधिकारी व्हायचं म्हणाला, की घरात सुतक पडल्यासारखं होतं. "इंजिनिअर झालास तो दंडुका धरायला का?" असं वर विचारतात. मला या प्रश्नाचीच चीड येते.

हेमंत करकरे नागपूरला १९७५ साली मेकॅनिकल इंजिनिअर झाले. हिंदुस्तान लिव्हरसारख्या कंपनीत नोकरी केली. ती वाट सोडून १९८२ साली आयपीएसमध्ये आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा हॉस्पिटलजवळ त्यांना वीरमरण आलं, तेव्हा लोकांनी मेणबत्त्या लावल्या. त्यातले किती जण आपल्या मुलाला त्या वाटेने जाऊ देतील?

१६ एप्रिल २०२० ला आपल्याच पालघर जिल्ह्यात, गडचिंचल्याला, जमावाने पोलिसांदेखत तिघांना ठार मारलं. "पोलीस काय करत होते?" असं सगळ्यांनी विचारलं. विचारायलाच हवं होतं. पण हुशार, धीट पोरांना आपणच पॅकेजच्या दावणीला बांधायचं आणि मग खात्याच्या नावाने बोटं मोडायची, हे कसं चालेल?

खात्यात वरकमाई आहे, पुढाऱ्यांचा दाब आहे, असं कोणी म्हणेल. आहेच. पण भरल्या ताटावरून जो उठून आला, त्याला वरकमाईची भूक कमीच असणार. घाण आहे म्हणून चांगल्यांनी जायचंच नाही, तर झाडू कोणी मारायचा?

शिवाजी जन्मावा तो शेजारच्या घरात, ही आपली जुनी खोड. पोरगं निघालंय ना? मग निदान दारात आडवे येऊ नका.