लग्नाविना संसार

‘यंदा तरी कुठं जमतंय का गं?’

चहा हातात येण्याआधी आत्याचा प्रश्न आला. जुलैचा वीकेंड, पेणपर्यंतचं ट्रॅफिक सोसून मी गागोदे बुद्रुकला पोचले होते. गागोदे म्हणजे विनोबांचं जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ला ते इथं जन्मले. विनोबा, बाळकोबा आणि शिवाजी, तिघेही भाऊ आयुष्यभर ब्रह्मचारी राहिले. ‘निदान या गावात तरी असं विचारू नकोस,’ मी म्हटलं. आत्या हसली. प्रश्न मात्र मागं घेतला नाही.

सुटका म्हणून मागच्या दारी गेले, तर आतेभाऊ प्रेशर पंप घेऊन सज्ज. भिंत आणि फरशी हिरवीगार. ‘सगळं शेवाळ उडवतो आज.’ त्याचं चूक नव्हतं. मागच्या पावसाळ्यात आत्या इथंच घसरली आणि मनगट मोडून बसली.

पण बॉस, बीएस्सीला माझी बॉटनी होती. आता एचआरमध्ये असले म्हणून काय झालं!

आपण सरसकट ‘शेवाळ’ म्हणतो, त्यातलं बरंचसं असतं मॉस. त्याला मुळं नसतात, फुलं नसतात, बी नसते. त्याचा तुकडा तोडा, ओल्या जागी टाका, त्यातून नवं रोप उभं राहतं. जोडीदार नको, मुहूर्त नको. म्हणजे पंपाच्या फवाऱ्यानं उडालेला प्रत्येक तुकडा ही फुकटातली पेरणीच!

मॉसची चुलत भावंडं म्हणजे लिव्हरवर्ट. अकरावीच्या पुस्तकातली मार्कँशिया आठवतेय? तिच्या अंगावर चिमुकले कप असतात. त्यात जेमा नावाच्या मिलिमीटरहून लहान हिरव्या टिकल्या. कपात असेपर्यंत त्या रुजत नाहीत. पावसाचा थेंब कपात आपटला की टिकल्या बाहेर उडतात, आणि पडतील तिथं हुबेहूब आईसारखं रोप. रिक्सियाची तऱ्हा आणखी वेगळी. ती जमिनीवर दुफाटे फुटत पसरते. मागचा जुना भाग कुजत येतो, आणि कुजणं फाट्यापर्यंत पोचलं की एकाची दोन रोपं. हे सांगताना मला आजी-आजोबा आठवले. ते गेले, आणि बाबा मुंबईचे झाले, आत्या गागोद्याची राहिली.

‘मग यांच्यात लग्न नसतंच?’ आत्यानं दारातून विचारलं.

असतं की. मॉसमध्येही नर-मादी असतात. नराच्या पेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादीपर्यंत जातात. पाणी नसेल तर भेट नाही. त्यातून होणारी पिढी थोडी वेगळी निघते, आणि ते वेगळेपण कामी येतं. सगळे एकाच छापाचे असले की जो रोग, जो उन्हाळा एकाला मारतो, तो सगळ्यांनाच मारू शकतो. एकट्यानं पसरणं झटपट. जोडीनं वाढणं कटकटीचं, पण पुढच्या संकटाची तरतूद.

‘म्हणजे दोन्ही चालतं,’ आत्या म्हणाली.

‘दोन्ही लागतं.’

पंप गाडीत परत गेला. वर पाहिलं तर पन्हळ फुटलेली, पाणी नेमकं भिंतीवर आणि फरशीवर. खरं दुखणं ते होतं. भावानं पन्हळ बदलली. आम्ही चालायच्या वाटेवरचं मॉस खराट्यानं खरवडलं, घमेल्यात भरलं आणि पार परसाच्या टोकाला नेऊन टाकलं. आत्याच्या हाताशी येईल असा एक बांबू आडवा बांधला. भिंतीवरचं तेवढं ठेवलं. ओल तुटली की ते आपोआप सुकेल.

निघताना आत्यानं पिशवीत पोह्याचे पापड कोंबले.

‘पुढच्या खेपेला कुणाला तरी घेऊन ये. नाहीतर एकटी ये. पण ये.’